युद्ध, निवडणूक, महासाथ: बाजार नेमका कशाने पडतो आणि कशाने सावरतो?

उदगीरच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "४ जून २०२४ला लोकसभेच्या निकालादिवशी बाजार कोसळला आणि तीनच दिवसांत होता तिथं आला. मे २०२५ मध्ये आपल्याच सीमेवर लढाई सुरू होती, तरी त्या मानाने फारसा पडला नाही. मात्र कुठं लांब युक्रेनमध्ये युद्ध झालं, तर एका दिवसात सेन्सेक्स २,७०० अंकांनी खाली. यात काही नियम आहे का? अशा वेळी एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला भरतो ती ठरावीक रक्कम, थांबवावी का? मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल, तिच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे त्यात आहेत. आणि भाचा म्हणतो, मामा, व्हिक्स (बाजारातल्या धास्तीचा आकडा) चढला की ऑप्शनमध्येच खरी कमाई. ते कितपत खरं?"

सर, नियम आहे, पण तो युद्धाचा वेगळा आणि निवडणुकीचा वेगळा असा नाही. प्रत्येक संकटात दोन प्रश्न विचारायचे. पुढच्या कमाईचा लोकांचा अंदाज किती बदलला? आणि त्या घडीला नाइलाजाने विकणारे किती आहेत? पहिल्यामुळे भाव सरकतो, दुसऱ्यामुळे तो वेडावाकडा पळतो. लातुरात शेअर आणि फंडांच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण आपल्या भागातली माणसं तिथंच मार खातात.

आधी भाव. शेअरचा भाव म्हणजे कंपनी पुढं वर्षानुवर्षं जे कमावणार आहे त्याची आजची किंमत. समजा एक कंपनी शेअरमागं दर वर्षी १० रुपये कमावते आणि कायम कमावत राहील असं धरू. गुंतवणूकदार १० टक्के परताव्यावर समाधानी असेल तर तो त्या शेअरला १०० रुपये देईल. आता संकट आलं आणि पुढचं पूर्ण वर्ष कंपनीची कमाई शून्य होणार असं दिसलं. किती नुकसान? त्या एका वर्षाच्या १० रुपयांची आजची किंमत साधारण ९ रुपये. म्हणजे भाव ९१ व्हायला हवा. पण घाबरलेला गुंतवणूकदार १० टक्क्यांवर थांबत नाही. तो म्हणतो, एवढा धोका घ्यायचा तर मला साडेबारा टक्के हवेत. त्या दराने १० रुपयांच्या कायमच्या कमाईची किंमत होते ८० रुपये. कमाईतला एक रुपयाही गेला नसताना २० टक्के घसरण!

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा, कारण बाजारातल्या बहुतेक मोठ्या पडझडी त्यातच उलगडतात. भीतीने गेलेले २० रुपये भीती ओसरली की आठवड्यात परत येऊ शकतात. कमाईच कायमची गेली असेल तर मात्र ते येत नाहीत.

२०२० घ्या. निफ्टी जानेवारीत १२,३६२ वर बंद झाला होता, तो २३ मार्चला ७,६१० वर आला. म्हणजे अडीच महिन्यांच्या आत ३८ टक्के घसरण. त्या एका सोमवारी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, १३ टक्क्यांहून जास्त पडला. सकाळी १० टक्क्यांचं लोअर सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर बाजार आणखी खाली गेला. पण तारीख नीट बघा. देशभराची टाळेबंदी जाहीर झाली २४ मार्चच्या रात्री, लागू झाली २५ला. देशभरची दुकानं, कारखाने बंद व्हायच्या आधीच बाजाराचा तळ होऊन गेला होता. वाळूजच्या कारखान्यांत शुकशुकाट झाला, एप्रिलमध्ये देशातल्या बहुतेक वाहन कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्यावर आली, आणि त्याच एप्रिलमध्ये, ७ तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात ९ टक्क्यांच्या आसपास वर गेला.

कारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुणालाच तळ दिसत नव्हता. साथ किती महिने चालेल, बँका टिकतील का, सरकारं काय करतील, सगळंच अंधारात. २३ मार्चला अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, लागतील तेवढे रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर केली. २७ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) पाऊण टक्क्याने कमी करून ४.४० वर आणला. बातम्या त्यानंतरही वाईटच होत्या. फक्त सर्वांत वाईट काय होऊ शकतं याचा अंदाज बांधता यायला लागला. जानेवारीची पातळी निफ्टीने नोव्हेंबरमध्ये परत गाठली, तेव्हा लसही आलेली नव्हती.

आपल्या सोयाबीनचंही असंच नाही का? २०२१च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला १० हजारांच्या घरात गेला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवी आवक तोंडावर आली, आणि सौद्यातली बोली खाली आली. पेंडीचं जहाज बंदराला लागायचं होतं, शेतातला माल काढायचा होता, पण पट्टीवर आकडा आधीच बदलला. ज्याच्या घरी गोदामापुरती जागा आणि हाताशी पैसा होता तो थांबला. ज्याला आडत्याची उचल फेडायची होती त्याने मिळेल त्या भावात माल टाकला.

तो दुसरा शेतकरी म्हणजेच शेअर बाजारातला नाइलाजाने विकणारा.

हे कोण असतात? सर्वांत मोठे म्हणजे परकीय गुंतवणूकदार. मार्च २०२० या एका महिन्यात त्यांनी भारतीय शेअर बाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढले. त्यातल्या अनेकांचं भारताबद्दल काही वाईट मत नव्हतं. त्यांच्याच देशात लोक फंडातून पैसे मागत होते, डॉलर उभे करायचे होते, मग जिथं गिऱ्हाईक मिळेल तिथं विक्री. म्हणूनच संकटात चांगलं-वाईट सगळं एकदम पडतं. शांत काळात औषध कंपनीचा शेअर आणि बँकेचा शेअर आपापल्या वाटेने जातात. घबराटीत ते हातात हात घालून खाली येतात, आणि "मी दहा वेगवेगळे शेअर घेतलेत, मला काय धोका" म्हणणाऱ्याच्या दहाही ओळी लाल होतात. मार्च २०२० मध्ये काही दिवस सोनंसुद्धा पडलं होतं. लोक रोख रकमेसाठी जे विकलं जाईल ते विकत होते.

दुसरे म्हणजे उसन्या पैशावर बसलेले. तुमचे पाच लाख, ब्रोकरकडून किंवा शेअर तारण ठेवून घेतलेले पाच लाख, मिळून दहा लाखांचे शेअर. बाजार २० टक्के पडला, शेअर आठ लाखांचे झाले. देणं पाच लाखच आहे, म्हणजे तुमचे उरले तीन. बाजार २० टक्के पडला, तुम्ही ४० टक्के. वर दुपारपर्यंत मार्जिन, म्हणजे तारणापोटीची जादा रक्कम, भरा असा फोन. भरलं नाही तर ब्रोकरची यंत्रणा तुमचे शेअर विकून टाकते, भाव न बघता. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, की पुढच्या माणसाला फोन. १० टक्क्यांची पडझड अशीच १५ आणि २० टक्क्यांवर जाते. सर्किटची ४५ मिनिटं याचसाठी ठेवली आहेत, की लोकांनी पैसे उभे करावेत आणि घेणाऱ्यांनी शांतपणे विचार करावा.

त्यात घेणारा मागं सरकतो. एरवी एखाद्या मध्यम कंपनीचा शेअर ४०० ला मागतात आणि ४०० रुपये २० पैशांना देतात. घबराटीत टर्मिनलवर मी असंही बघितलंय की घेणाऱ्याची बोली ३८५ आणि विकणाऱ्याची ४००, मधे कुणीच नाही. ज्याला विकायचंच आहे त्याला ३८५ घ्यावे लागतात, आणि पडद्यावर तोच "भाव" म्हणून झळकतो. मालच कुणी मागत नसताना लागलेल्या भावाला कंपनीची किंमत समजू नका.

आता तुमचा ४ जूनचा प्रश्न. आदल्या दिवशी, ३ जूनला, एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला होता. सगळ्यांनी एकाच निकालावर पैसे लावले होते, बरेचसे उसने. निकाल वेगळा आला आणि त्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी, पावणेसहा टक्क्यांनी, पडला. सरकार कोणाचं आणि कसं बनणार हे पुढच्या दोन दिवसांत स्पष्ट झालं. ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे पडझडीच्या आधीच्याही वर, बंद झाला. कंपन्यांच्या कमाईला त्या चार दिवसांत काहीच झालं नव्हतं. २००४ मध्ये अनपेक्षित निकालानंतर १७ मेला सेन्सेक्स ११ टक्के पडला होता आणि दुसऱ्याच दिवशी ८ टक्क्यांच्या वर उसळला. २००९ ला उलटं: स्थिर सरकार येणार हे कळताच १८ मेला एका दिवसात १७ टक्के वर. सुटलेल्या पेचाचाही भाव असा एकदम लागतो.

युद्धांचं म्हणाल तर भूगोलाचं अंतर बाजार मोजत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा आपल्याकडे प्रश्न होता कच्च्या तेलाचा. आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्या दिवशी ब्रेंट जातीचं कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर गेलं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात १३०च्याही पलीकडे जाऊन आलं. तेल महाग म्हणजे महागाई, महागाई म्हणजे व्याजदर वाढणार, आणि व्याजदर वाढले की वर मांडलेल्या हिशेबातला १० टक्क्यांचा आकडा वर सरकतो. सूर्यफूल तेलही तिकडूनच यायचं, म्हणून खाद्यतेल कडाडलं आणि आपल्या सोयाबीनला तेजी आली. ती मात्र तुमच्या भागातल्या अनेकांना गोड लागली असेल. गंमत अशी की मार्चअखेर निफ्टी सावरून १७,४०० च्या वर होता. त्या वर्षाचा तळ आला जूनमध्ये. मेमध्ये रिझर्व्ह बँकेने अचानक दर वाढवला होता, अमेरिकेतही दर चढत होते, आणि तोफांच्या आवाजापेक्षा त्या दरांनी जास्त नुकसान केलं.

मे २०२५ मध्ये ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर झालं, त्या दिवशी सेन्सेक्स शंभरेक अंकांनी वरच बंद झाला. ९ला ८८० अंकांनी पडला. १० तारखेला शस्त्रसंधी जाहीर झाली आणि १२ला तो जवळजवळ तीन हजार अंकांनी वर. लढाई मर्यादित राहील हा बाजाराचा अंदाज होता. तेल, व्याजदर, कंपन्यांची विक्री यांवर फार परिणाम दिसत नव्हता. त्याच आठवड्यात कराचीचा बाजार मात्र आपटला, कारण नाजूक अर्थव्यवस्थेला तेवढाही ताण झेपणारा नव्हता. कारगिलच्या वेळीही, १९९९च्या उन्हाळ्यात, आपला बाजार वर गेला होता.

यातून एक जड गोष्ट पदरात घ्यावी लागते. बाजार माणसांचं दुःख मोजत नाही. २६/११ च्या हल्ल्यानंतर एक दिवस बंद राहून २८ नोव्हेंबर २००८ला बाजार उघडला आणि किंचित वर बंद झाला. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपण ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रेमडेसिविर शोधत रात्री काढल्या, आणि मेअखेर निफ्टी विक्रमी उंचीवर होता. किल्लारी बघितलेल्या माणसाला हे पचत नाही, मलाही जड जातं. पण बाजाराकडून करुणेची अपेक्षा ठेवली की माणूस चुकीच्या वेळी विकतो. "एवढं वाईट चाललंय, आता आणखी पडणार" हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी फोनवर रोज ऐकत होतो.

व्हिक्सचं थोडक्यात सांगतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा विकत मिळणारा हक्क. इंडिया व्हिक्स हा निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतात. पुढच्या ३० दिवसांत किती हेलकावे अपेक्षित आहेत, ते वार्षिक टक्केवारीत तो सांगतो. बाजार वर जाईल की खाली, हे तो सांगत नाही. रोजचा अंदाज हवा तर त्याला १६ ने भागा. व्हिक्स १२ असेल तर दिवसाला पाऊण टक्का इकडं-तिकडं. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर होता, म्हणजे दिवसाला पाच टक्के. हेलकावे एकटे येत नाहीत, मोठ्या दिवसाच्या शेजारी मोठाच दिवस असतो, दोन्ही दिशांचा. १३ मार्च २०२०ला बाजार उघडताच लोअर सर्किट लागलं आणि त्याच दिवशी सेन्सेक्स तेराशे अंकांनी वर बंद झाला. म्हणून "शांत झाल्यावर परत येतो" म्हणणाऱ्याचे सर्वांत चांगले दिवस हुकतात. ते दिवस वाईट महिन्यांतच दडलेले असतात.

आता भाच्याचं. त्याला हा हिशेब दाखवा. निफ्टी २२,००० वर आहे, एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायला, सात दिवस आहेत, व्हिक्स २५. २२,००० चा कॉल, म्हणजे त्या भावाने निफ्टी घेण्याचा हक्क, साधारण ३०५ रुपयांना मिळेल. निकाल लागला, निफ्टी १५० अंकांनी वर गेला, पण धास्ती संपल्यामुळे व्हिक्स १५ वर आला. तो कॉल आता सुमारे २६८. दिशा बरोबर ओळखली, तरी पैसे गेले, आणि मधे सरलेल्या दिवसांची झीज मी यात धरलेलीच नाही. ५ जून २०२४ला व्हिक्स असाच एका दिवसात २६ च्या वरून १९ च्या आसपास आला होता. घबराटीत ऑप्शन घेणारा भीतीची पूर्ण किंमत मोजून घेतो. आणि विकायला बसला तर ४ जूनसारखा एक दिवस वर्षाची कमाई नेतो. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला: वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत मोबाईलवर ऑप्शन खेळणारी पोरं मी रोज बघतो. बापाने सोयाबीन विकून पाठवलेले पैसे त्यात जातात. कळकळीने सांगतो, त्याला थांबवा.

एसआयपी थांबवू नका, पण माझ्या या उत्तराला दोन अटी आहेत. पहिली, ती निर्देशांकाच्या किंवा चांगल्या पसरलेल्या फंडात हवी. "पडलंय ते वर येतंच" हे निर्देशांकाला लागू, एकेका शेअरला नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले, निफ्टी सावरला, तो शेअर त्या उंचीच्या जवळपासही परतला नाही. निर्देशांकालाही वेळ लागू शकतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला, ऑक्टोबरमध्ये ७,७०० च्या खाली उतरला, नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१,००० ला शिवला आणि ती पातळी पक्की ओलांडायला २०१३ ची अखेर उजाडली. ३८ टक्के पडलेल्याला जागेवर यायला ६० टक्क्यांहून जास्त चढावं लागतं.

दुसरी अट आपल्या मातीची आहे. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो. मराठवाड्यात शिक्षकाच्या घरीसुद्धा अर्धं अर्थकारण शेतीवर असतं. पाऊस ओढला की भावाची पेरणी, दुबार पेरणी, बहिणीचं लग्न, सगळं त्या एका पगारावर येतं. त्याच वर्षी बाजार पडलेला असला तर तुमची गत मार्जिन भरू न शकणाऱ्यासारखीच होते, कर्ज नसतानासुद्धा. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका हंगामाच्या पेरणीचे पैसे बँकेत ठेवा, आणि त्यानंतरची एसआयपी बाजार कितीही हेलकावला तरी चालू द्या. आपल्यासारख्या लोकांच्या एसआयपींनी बाजारालाही आधार दिलाय: ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीयांनी ९० हजार कोटींच्या वर शेअर विकले, त्या महिन्यात २५ हजार कोटींच्या वर रक्कम एसआयपीतून आली, आणि निफ्टीची घसरण सहा टक्क्यांवर थांबली.

मुलीच्या शिक्षणाच्या पैशाचं मात्र ऐका. दोन वर्षांनी फी, वसतिगृह, एखादं वर्ष रिपीट करायचं ठरलं तर लातूरच्या क्लासेसचा खर्च, यांच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि बाजार तारखा पाळत नाही. पहिल्या वर्षाला लागणारी सगळी रक्कम आत्ताच शेअरच्या फंडातून काढा, बाजार आज वर असो की खाली, आणि बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. दुसऱ्या वर्षाची रक्कम पुढच्या बारा महिन्यांत थोडी थोडी करून हलवा. त्यापुढच्या वर्षांची राहू द्या. काढताना कोणत्या युनिटवर किती कर बसतो ते एकदा कागदावर काढावं लागेल, त्यासाठी फंडाचं स्टेटमेंट घेऊन बसा.